ट्रेडमिलची योजना : योग्यता, निवड आणि मात्रा

व्यायामाचा उपदेश केल्याशिवाय मेदोरोग, प्रमेह वा अग्निमांद्य यांची चिकित्सा पूर्ण होत नाही, हे आपण सर्व जाणतो. परंतु हा उपदेश आपण किती काटेकोरपणे करतो, याचा विचार क्वचितच होतो. अलीकडे रुग्ण सरळ विचारतात, "डॉक्टर, घरी ट्रेडमिल घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ?" प्रश्न यंत्राचा आहे, आपल्या शास्त्राचा नाही, असे समजून आपण तो दुकानदारावर सोपवतो. आम्हीही अनेक वर्षे तसेच करीत होतो. प्रस्तुत लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे.

आमच्याकडे येणारे एक कापड व्यापारी, वय ४८, उंची १७८ सें.मी., वजन ९४ किलो. प्रमेहाचे निदान होऊन चार वर्षे झाली होती. आम्ही त्यांना क्वाथ दिला, त्याची मात्रा, काल आणि अनुपान लिहून दिले. पथ्यापथ्याचा स्वतंत्र कागद दिला. शेवटी एक ओळ लिहिली : 'ट्रेडमिलवर रोज अर्धा तास व्यायाम.' त्या गृहस्थांनी घडी घालून पलंगाखाली सरकवता येईल असे एक लहान यंत्र विकत घेतले आणि पहिल्याच आठवड्यात त्यावर धावण्यास प्रारंभ केला. नवव्या दिवशी मागे जाणारा पाय पट्ट्याच्या कडेपलीकडे गेला, तोल सुटला, आणि मागच्या भिंतीशी हात टेकताना उजव्या मनगटाचे हाड मोडले. ते आमच्याकडे प्लास्टर घालून आले तेव्हा त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. तथापि आमचाच कागद त्यांनी टेबलावर ठेवला, आणि त्यावरील ती एकच ओळ आम्ही पुन्हा वाचली. क्वाथाला मात्रा होती, व्यायामाला नव्हती. कोणी, किती, केव्हा आणि कशावर, यांपैकी एकाचेही उत्तर त्या ओळीत नव्हते.

यंत्राचा स्वभाव

द्रव्याची योजना करण्यापूर्वी त्याचे गुण जाणावे लागतात, तसेच येथेही. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांसाठी पायांनी फिरवावयाचे चक्र तयार केले. ट्रेडमिल हे नाव त्या काळाचे. पुढे १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी फिरत्या पट्ट्यावर हृदयाची क्षमता तपासण्याची टप्प्याटप्प्याची पद्धती रूढ केली. आज रुग्णालयात होणारी टी.एम.टी. बहुधा याच पद्धतीने होते. पहिला टप्पा ताशी २.७ कि.मी. आणि १० टक्के चढ. दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांचा 'एरोबिक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या प्रभावाने विल्यम स्टॉब या अभियंत्याने घरगुती वापराचे यंत्र तयार केले.

या इतिहासातून आपल्या उपयोगाची एकच गोष्ट घ्यावयाची आहे. रस्त्यावर धावणारा मनुष्य थकला की नकळत मंदावतो. शक्ती आणि गती यांचा मेळ शरीर स्वतः घालते. ट्रेडमिलवर गती यंत्र ठरवते, आणि मनुष्य थकला हे यंत्राला कळत नाही. टी.एम.टी. करताना शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असतो, हृदयाचा आलेख समोर असतो आणि थांबवण्याची कळ हाताशी असते. घरी यांपैकी काहीही नसते. म्हणून थांबावे केव्हा, हे रुग्णाला आधी शिकवणे आवश्यक ठरते.

अर्धशक्तीचे मापन

बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेही शीतकाल व वसंत ऋतूत अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, हा वाग्भटांचा दंडक सर्वपरिचित आहे. अर्धशक्तीची लक्षणेही ग्रंथांत व टीकांत स्पष्ट आहेत : हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागणे, तोंडास कोरड पडणे, कपाळ, नाक, काखा आणि सांधे येथे घाम येणे. व्यवहारात रुग्णाला हे असे सांगावे : धावताना एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले आणि तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धशक्ती संपली. वेग कमी करावा.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी हवी. पहिली, घामाच्या लक्षणावर एकट्याने विसंबू नये. मुंबई व कोकणच्या दमट हवेत थोड्या श्रमानेही घाम निथळतो; उलट वातानुकूलित खोलीत पुष्कळ श्रम होऊनही कपाळ कोरडे राहते. श्वासाचे लक्षण अधिक विश्वसनीय. दुसरी, यंत्राच्या पडद्यावर दिसणारे हृदयाचे ठोके. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील औषध चालू असेल तर श्रम वाढूनही ठोके त्या मानाने वाढत नाहीत. अशा रुग्णाने पडद्यावरील आकड्यावर श्रमाचे माप ठरवू नये.

प्रथम रुग्णाची परीक्षा

चालणे आणि धावणे यांत केवळ वेगाचा फरक नाही. चालताना एक पाय सदैव भूमीवर असतो. धावताना काही क्षण दोन्ही पाय अधांतरी असतात आणि मग सर्व भार एका पायावर येऊन आदळतो. हा आघात शरीराच्या भाराच्या दोन ते तीन पट असतो. ९४ किलोच्या मनुष्याच्या गुडघ्यावर व घोट्यावर प्रत्येक पावलागणिक काय येते, याची कल्पना यावरून यावी. म्हणून आम्ही रुग्णांचे तीन गट करतो.

१) धावणे वर्ज्य : छातीत दुखणे, थोड्या श्रमाने दम लागणे, चक्कर वा मूर्च्छेचा इतिहास, अनियंत्रित रक्तदाब, वेदना व शोथयुक्त संधिगत वात, तसेच क्षीण व अतिकृश रुग्ण. यांपैकी हृदयाशी संबंधित लक्षणे असतील तर प्रथम हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यांच्या अनुमतीवाचून चालण्याचाही कार्यक्रम देऊ नये.

२) केवळ चालणे : स्थूल, अनभ्यस्त, चाळिशी उलटलेले, बैठा व्यवसाय करणारे. आपल्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण याच गटात मोडतात. लक्षणे नसली तरी प्रमेह, रक्तदाब, धूम्रपान वा कुलज हृद्रोग असल्यास धावण्याकडे जाण्यापूर्वी तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा.

३) धावण्यास योग्य : जे किमान दोन-तीन महिने रोज ४० मिनिटे भरभर चालू शकतात, सांधे निर्दोष आहेत आणि ज्यांचा अग्नी व निद्रा चांगली आहे.

प्रमेहाच्या रुग्णांत आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या चालू आहेत का? असल्यास व्यायामात रक्तशर्करा एकाएकी उतरू शकते. यंत्राजवळ साखर वा ग्लुकोज ठेवावे आणि एकटे असताना धावू नये. तसेच पायाच्या तळव्यांना संवेदना आहे का? बधिर तळव्याला बुटातील खडा वा फोड कळत नाही. अशा रुग्णाचे तळवे व्यायामानंतर रोज पाहण्यास घरच्या माणसाला सांगावे.

मग यंत्राची परीक्षा

रुग्ण धावण्यास योग्य ठरला, तरच पुढील गोष्टी पाहाव्यात. दुसऱ्या गटातील रुग्णाला धावण्याचे महागडे यंत्र लागत नाही. त्याला बहुधा कोणतेच यंत्र लागत नाही, सकाळचा रस्ता पुरतो.

पट्टा : ताशी ४.५ कि.मी. वेगाने, मिनिटाला ११० पावले टाकीत चालणाऱ्याचे एक पाऊल सुमारे ६८ सें.मी. पडते. तोच मनुष्य ताशी ९ कि.मी. वेगाने, मिनिटाला १६० पावले टाकीत धावला तर पाऊल सुमारे ९४ सें.मी. होते. पाऊल लांबले की पुढे व मागे दोन्हीकडे जागा अधिक लागते. चालण्यास १२० ते १३० सें.मी. लांबीचा पट्टा पुरतो. सावकाश धावण्यास १४० सें.मी. हवा, नियमित धावण्यास, विशेषतः उंच मनुष्यास, सुमारे १५० सें.मी. लांब व ५० सें.मी. रुंद असावा. आमच्या व्यापारी रुग्णाच्या यंत्राचा पट्टा ११५ सें.मी. होता.

मोटर : विक्रीच्या पत्रकावर अश्वशक्तीचे दोन प्रकारचे आकडे असतात. 'पीक' म्हणजे क्षणभर देता येणारी शक्ती, 'कंटिन्युअस' म्हणजे सतत देता येणारी. पहिला आकडा मोठा असतो, म्हणून तोच ठळक छापलेला असतो. दुसरा विचारावा. चालण्यास दीड ते दोन, सावकाश धावण्यास अडीच आणि नियमित धावण्यास तीन कंटिन्युअस अश्वशक्तीच्या आसपास असावी. दुकानातच परीक्षा करता येते : वेग ताशी दोन-तीन कि.मी. ठेवून पाय जोराने टेकवीत चालावे. पट्टा क्षणभर अडखळत असेल तर मोटर त्या भाराला दुबळी आहे. हा दोष मंद गतीत अधिक स्पष्ट दिसतो.

भारक्षमता : कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा रुग्णाच्या वजनाहून किमान २० ते २५ किलोने अधिक असावी. हलके, घडीचे यंत्र धावताना डोलते. दांड्याला धरून हलवून पाहावे.

चढ : घरात समोरून वारा लागत नाही, म्हणून सपाट पट्ट्यावर धावणे मैदानाहून किंचित सोपे पडते. जोन्स व डाउस्ट यांच्या १९९६ मधील अभ्यासात ताशी साधारण १०.५ ते १८ कि.मी. वेगाला १ टक्का चढ ठेवल्यास मैदानाइतका श्रम होतो, असे आढळले. आपल्या रुग्णांचा वेग याहून कमी, त्यामुळे त्यांना ही दुरुस्ती आवश्यक नाही. चढाचा खरा उपयोग दुसऱ्या गटातील रुग्णाला आहे : तो न धावता, दोन-तीन टक्के चढावर चालून पुरेसा श्रम करू शकतो आणि आघात टळतो.

सुरक्षा-दोरी : कपड्याला अडकवावयाची, ओढली जाताच पट्टा थांबवणारी लाल दोरी प्रत्येक चांगल्या यंत्राला असते. ती दुकानात ओढून पाहावी. यंत्र नेहमी अगदी मंद गतीने सुरू झाले पाहिजे.

मोटर नसलेली, पायांनी ढकलावयाची स्वस्त यंत्रे आणि दांडा नसलेले सपाट चालण्याचे पट्टे ही धावण्याची साधने नव्हेत. धावण्यासाठी म्हणून ती सुचवू नयेत.

शेवटची परीक्षा अशी : स्वतःचे बूट घालून दुकानात दहा मिनिटे प्रत्यक्ष चालून-धावून पाहावे. दुकानदार नकार देईल तर दुसरे दुकान पाहावे. दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गावी वा तालुक्यात येतो का, आणि हमी केवळ मोटरची आहे की पट्टा व विद्युतनियंत्रकाचीही, हे लेखी घ्यावे.

जागा आणि वीज

यंत्राच्या मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळी जागा हवी. आपल्या घरांत यंत्र बहुधा भिंत व पलंग यांच्यामध्ये कोंबले जाते. घसरलेला मनुष्य मग पट्टा आणि भिंत यांत सापडतो. उंचीही मोजावी. पट्टा जमिनीपासून सुमारे २० सें.मी. उंच असतो, चढ दिला की आणखी वाढतो, आणि धावताना शरीर वर उसळते. १७८ सें.मी. उंचीचा मनुष्य सहज सव्वादोन मीटरच्या जवळ पोहोचतो. छताच्या पंख्याखाली वा माळ्याखाली यंत्र कदापि ठेवू नये.

तीन अश्वशक्ती म्हणजे सुमारे २,२४० वॅट, २३० व्होल्टवर साधारण १० अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर वा लांब जोडवायरीवर असे यंत्र चालवू नये. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. जेथे वीज वारंवार जाते तेथे धावणाऱ्याने दांड्याच्या आवाक्यात राहावे, कारण पट्टा अकस्मात थांबला तरी शरीराचा वेग थांबत नाही.

घरात लहान मुले असतील तर हा प्रश्न सर्वात मोठा समजावा. फिरत्या पट्ट्यात बोटे सापडून गंभीर घर्षणदाह होतो. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेत पेलोटन कंपनीच्या 'ट्रेड प्लस' या यंत्रांपैकी सुमारे १,२५,००० यंत्रे परत मागवण्यात आली. यंत्राखाली ओढले जाऊन एका बालकाचा मृत्यू झाला होता. व्यायाम संपताच सुरक्षा-किल्ली काढून उंच जागी ठेवावी व प्लग बंद करावा. ज्या घरात हे नियमाने होणार नाही, तेथे यंत्र न घेण्याचा सल्ला द्यावा.

तैलाविषयी विशेष सूचना

ही सूचना अन्य कोणी देणार नाही, म्हणून येथे सविस्तर देत आहोत. दिनचर्येत अभ्यंग आधी आणि व्यायाम नंतर येतो, आणि आपण रुग्णाला तसेच सांगतो. तैलाने माखलेले तळवे फिरत्या पट्ट्यावर हमखास घसरतात. ट्रेडमिल वापरणाऱ्यास पादाभ्यंग रात्री झोपण्यापूर्वी सांगावा. सकाळी अन्य अंगाला अभ्यंग केला तर हात व पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, मोजे व बूट घालूनच यंत्रावर चढावे. दांडाही निसरडा होतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरे असे की पट्टा व खालची फळी यांमध्ये वेळोवेळी वंगण लागते. ते कंपनीने सांगितलेले, बहुधा सिलिकॉनचे तेलच असावे. घरातील तीळतेल, खोबरेल वा शिलाई यंत्राचे तेल घातल्यास ते चिकटते, धूळ धरते आणि पट्टा व मोटर दोन्ही खराब होतात.

मात्रा आणि काल

आता आम्ही व्यायामाचा कागद औषधाप्रमाणेच लिहितो. साधारण क्रम असा :

पहिले दोन आठवडे : ताशी ४ ते ५ कि.मी., १५ ते २० मिनिटे, चढ शून्य, केवळ चालणे.
तिसरा ते आठवा आठवडा : हळूहळू ४० मिनिटांपर्यंत, सोसल्यास १ ते २ टक्के चढ.
त्यानंतर, योग्य रुग्णास : चार मिनिटे चालणे व एक मिनिट ताशी ७ ते ८ कि.मी. धावणे, असे पाच-सहा फेरे. दिवसाआड.
प्रत्येक वेळी आरंभी पाच मिनिटे व शेवटी पाच मिनिटे मंद चालणे. पट्टा पूर्ण थांबल्यावरच उतरावे.

काल सकाळचा, पोट हलके असावे. भोजनानंतर व अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य. धावताना दांडा धरून ठेवू नये. त्याने खांदे आखडतात व चाल बिघडते. धरावेसे वाटणे हेच वेग जास्त झाल्याचे लक्षण समजावे.

ऋतूविषयी एक निरीक्षण नोंदवतो. यंत्रामुळे पाऊस व ऊन यांचा अडसर नाहीसा होतो. म्हणून लोक वर्षा व ग्रीष्म ऋतूतही हेमंताइतकाच व्यायाम करतात. घराबाहेरचा पाऊस टळला तरी वर्षा ऋतूतील अग्नीचे व बलाचे मांद्य टळत नाही. या काळात मात्रा निम्मी करावी. तृष्णा, कास, ज्वर, क्लम वा निद्रानाश दिसल्यास तो अतिव्यायाम समजून काही दिवस पूर्ण विश्रांती द्यावी.

औषधालयचालकांसाठी

गुडघेदुखीचे तेल वा गुग्गुळकल्प मागावयास आलेला ग्राहक पुष्कळदा वैद्याकडे न जाता थेट आपल्याकडे येतो. त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : "घरी नवीन ट्रेडमिल घेतली आहे का?" उत्तर होकारार्थी असेल तर तेलाच्या बाटलीबरोबर धावणे थांबवून वैद्यास दाखवण्याचा सल्लाही द्यावा. छातीत वा डाव्या हातात दुखते असे म्हणाल्यास काहीही न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आणखी एक विषय नाजूक आहे, परंतु बोलणे प्राप्त आहे. व्यायामयंत्रांचे विक्रेते चिकित्सालयांत व औषधालयांत आपली पत्रके ठेवण्यासाठी दलाली देऊ करतात. आमच्याकडेही असा प्रस्ताव आला होता. ज्या यंत्राची दलाली आपण घेतली, ते यंत्र रुग्णाला नको आहे असे सांगण्याचे बळ आपल्यात उरत नाही. म्हणून आम्ही तो नाकारला. प्रत्येकाने आपला विचार करावा.

उपसंहार

वर उल्लेखिलेले व्यापारी गृहस्थ हाड सांधल्यावर पुन्हा आले. या वेळी आम्ही त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, गुडघे व तळवे तपासले आणि पहिले तीन महिने केवळ चालावयास सांगितले, तेही गावाबाहेरच्या रस्त्यावर. लहान यंत्र त्यांनी विकून टाकले. सहाव्या महिन्यात, वजन ८७ किलोवर आल्यानंतर, त्यांनी दुकानात दहा मिनिटे धावून पाहून १५० सें.मी. पट्ट्याचे यंत्र निवडले, आणि पंख्यापासून दूर, मागे मोकळी जागा सोडून ठेवले. आज ते त्यावर दिवसाआड धावतात; आषाढ-श्रावणात मात्र केवळ चालतात.

त्यांच्या जुन्या कागदाची एक प्रत आम्ही आमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. नवीन रुग्णाला व्यायाम लिहून देताना ती एक ओळ दिसते, आणि आम्ही पुढील चार ओळी लिहितो : योग्यता, साधन, मात्रा, काल. सुज्ञ वैद्यबांधवांनी आपापल्या चिकित्सालयात हा क्रम वापरून पाहावा आणि त्यातील उणिवा आम्हास कळवाव्यात, ही विनंती.